संशोधन पद्धतीचे पुस्तक निवडताना

१९१५ साली गिल्बर्ट स्लेटर नावाचे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. कामगारांच्या शिक्षणासाठी ऑक्सफर्ड येथे काढण्यात आलेल्या रस्किन महाविद्यालयाचे ते त्यापूर्वी प्राचार्य होते. खेडे पाहिल्यावाचून भारतीय अर्थशास्त्र शिकविता येणार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांना आपापल्या गावी पाठविले. जमीन, पिके, मजुरी, कर्ज, हस्तव्यवसाय यांविषयी त्या तरुणांनी जे टिपून आणले, त्यातून १९१८ साली ‘सम साउथ इंडियन व्हिलेजेस’ हे पुस्तक सिद्ध झाले.

पुढची हकीगत अधिक महत्त्वाची आहे. १९३६-३७ मध्ये पी. जे. टॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्याच गावांची पुन्हा पाहणी केली. १९६१ साली मार्गारेट हॅस्वेल तेथे गेल्या. १९८० नंतर मद्रासच्या अभ्यासकांनी त्यांतील काही गावांचा पुन्हा शोध घेतला. तत्कालीन दक्षिण आर्काट जिल्ह्यातील इरुवेलपट्टू ह्या गावाचा तर १९१६ पासून २००८ पर्यंतचा, म्हणजे जवळजवळ एका शतकाचा, आलेख अभ्यासकांना मांडता आला. ह्या साऱ्या इमारतीचा पाया काही विद्यार्थ्यांनी सुट्टीत केलेल्या टिपणांचा आहे.

ह्या विद्यार्थ्यांजवळ आजच्या अर्थाने संशोधन पद्धतीचे पाठ्यपुस्तक असण्याचा संभव नव्हता. तो ग्रंथप्रकारच अजून रूढ व्हावयाचा होता. त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या: नेमके प्रश्न आणि ओळखीचे गाव. ओळखीच्या गावाचेही काही तोटे असतात. त्या काळी महाविद्यालयापर्यंत पोचलेला तरुण बहुधा गावातल्या सुस्थित घरातला असे. तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत त्याला कोणी किती मोकळेपणाने उत्तरे दिली असतील, हा प्रश्न उरतोच. नेमका हाच प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःला विचारावयास लावणे, हे संशोधन पद्धतीच्या पुस्तकाचे पहिले काम होय. बाजारातील बहुसंख्य पुस्तके ते करीत नाहीत, आणि म्हणूनच पुस्तकाची निवड हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

आज ह्या निवडीला विशेष निकड आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते, आणि संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. त्याच वर्षी एम. फिल. ही पदवी बंद झाली. म्हणजे जे काम पूर्वी एम. ए. नंतर सुरू होई, ते आता वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींपर्यंत येऊन ठेपले आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील प्रकल्प, अध्यापक महाविद्यालयांतील कृतिसंशोधन, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य हे तर आधीपासून होतेच. ह्या सगळ्यांच्या हाती एखादे पुस्तक द्यावे लागते, आणि ते कोणते हे बहुधा एकटा अध्यापक एका दुपारी ठरवितो.

तो ते कसे ठरवितो? सर्वसाधारण रीत अशी, की एका हातात अभ्यासक्रम घ्यावयाचा, दुसऱ्या हाताने पुस्तकाची अनुक्रमणिका उघडावयाची आणि घटकाशी घटक जुळतो की नाही हे पाहावयाचे. जुळला की पुस्तक मान्य. प्रकाशकांनाही ही रीत ठाऊक असल्यामुळे पुस्तके अनुक्रमणिकेसाठीच लिहिली जातात. प्रथम संशोधनाच्या व्याख्या, त्याही आठ-दहा लेखकांच्या; मग संशोधनाचे प्रकार; मग चांगल्या संशोधकाचे गुण, ज्यांत चिकाटी, तटस्थता आणि प्रामाणिकपणा हे हटकून असतात; मग परिकल्पना, नमुना, प्रश्नावली, मुलाखत, आणि शेवटी अहवाललेखन. प्रत्येक साधनाचे गुण सहा आणि दोषही सहा. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो, उत्तीर्ण होतो, आणि प्रकल्प करावयास निघतो तेव्हा त्या पुस्तकाची त्याला आठवणही होत नाही. प्रकल्पासाठी तो मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा बांधलेला अहवाल मागून आणतो. त्याचे खरे पाठ्यपुस्तक तेच होय.

पुस्तक पारखण्याची याहून बरी रीत आहे. अनुक्रमणिका बाजूला ठेवावी आणि नमुनानिवडीचे प्रकरण उघडावे. ह्या एका प्रकरणावरून पुस्तकाची बहुतेक परीक्षा होते.

विद्यार्थ्यांच्या अहवालांत एक वाक्य वर्षानुवर्षे आढळते: प्रस्तुत अभ्यासासाठी यादृच्छिक पद्धतीने शंभर उत्तरदात्यांची निवड करण्यात आली. प्रत्यक्षात काय घडलेले असते? विद्यार्थी बसस्थानकावर किंवा बाजारात उभा राहिला, जे थांबले त्यांना प्रश्न विचारले, आणि आकडा भरेना तेव्हा उरलेल्या प्रश्नावल्या वसतिगृहातल्या मित्रांकडून भरून घेतल्या. आजकाल तर दूरध्वनीवरील गटांतून एक दुवा फिरवितात आणि संध्याकाळपर्यंत शंभराची भरती होते. विद्यार्थी लबाड असतो असे नाही. त्याने यादृच्छिक हा शब्द वाचलेला असतो आणि त्याचा त्याला लागला तो अर्थ त्याने आचरणात आणलेला असतो. यदृच्छा ह्या शब्दाला आपल्या भाषेत योगायोग असा अर्थ आहे, तसा स्वेच्छा, मनास येईल तसे वागणे, असाही आहे. जो भेटला त्याला विचारले, म्हणजे यदृच्छाच झाली, असे त्याला वाटले तर दोष कोणाचा?

संख्याशास्त्रातील अर्थ नेमका उलट आहे. तेथे निवडणाऱ्याच्या इच्छेला जागाच नाही. ज्या समष्टीविषयी बोलावयाचे तिची संपूर्ण यादी हवी, आणि त्या यादीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरलेली, ज्ञात संधी हवी. मग चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून जी नावे निघतील तीच घ्यावयाची. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरात शिरावयाचे नाही. तमिळ भाषेत ह्याच संज्ञेसाठी ‘समवाय्प्पु’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ समान संधी. विद्यार्थ्याला शब्द कळला की नियमाचा गाभाही कळला. बंगालीत दैवचयन म्हणतात; त्यात निवड दैवाकडे सोपविली आहे, माणसाकडे नाही, एवढे तरी स्पष्ट होते. मराठी आणि हिंदी विद्यार्थ्याच्या वाट्याला यादृच्छिक आला. तेव्हा मराठी किंवा हिंदी पुस्तकाने ह्या शब्दाची फोड केली आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

परंतु व्याख्या बरोबर दिली एवढ्यानेही भागत नाही. खरी कसोटी पुढे आहे. ज्याच्याजवळ यादी नाही, तीन महिने वेळ आहे आणि बसभाड्यापुरते पैसे आहेत, त्या विद्यार्थ्याने काय करावे, हे पुस्तक सांगते का? सोयीचा नमुना घेण्यास बंदी नाही. मोठमोठ्या अभ्यासकांनीही तो घेतलेला आहे. मात्र तो सोयीचा होता, कोठे घेतला, किती वाजता घेतला, कोण थांबले आणि कोण निघून गेले, हे लिहावयास हवे. दुपारी अकरा ते एक ह्या वेळात बाजारात भेटलेल्या साठ स्त्रियांनी असे सांगितले, हे वाक्य खरे आहे आणि उपयोगाचेही आहे. शहरातील स्त्रियांचे मत असे आहे, हे वाक्य त्याच साठ उत्तरांवर उभे केले की खोटे ठरते. जे पुस्तक सोयीच्या नमुन्याला दोन ओळींत दोषास्पद ठरवून पुढे जाते, ते विद्यार्थ्याला खोटे लिहावयास भाग पाडते. कारण आपण केले ते दोषास्पद होते हे कबूल करण्याचे धैर्य गुणांसाठी लिहिणाऱ्याला कोठून येणार? जे पुस्तक त्याची रीतसर नोंद कशी करावी हे दाखविते, ते त्याला खरे लिहावयास शिकविते. प्रामाणिकपणा हा संशोधकाचा गुण आहे असे पहिल्या प्रकरणात छापण्यापेक्षा ह्याचा उपयोग अधिक.

ह्याच प्रकरणात नमुन्याच्या आकाराचे कोष्टकही पाहावे. क्रेजी आणि मॉर्गन ह्या दोघांनी १९७० साली प्रसिद्ध केलेले एक कोष्टक अनेक पुस्तकांत उतरवून घेतलेले असते. समष्टी १०० ची असेल तर नमुना ८० चा, १,००० ची असेल तर २७८ चा, १०,००० ची असेल तर ३७० चा, आणि दहा लाखांची असली तरी ३८४ चाच. ह्या ३८४ आकड्याची विद्यार्थ्यांना मोठी भुरळ पडते. हे गणित यादृच्छिक नमुन्यापुरतेच लागू आहे, पाच टक्क्यांपर्यंतची चूक पत्करून केलेले आहे, आणि बसस्थानकावर गाठलेल्या ३८४ माणसांना ते मुळीच लागू होत नाही, एवढे कोष्टकाखाली लिहिलेले असावे. ते नसेल तर कोष्टक नसलेले बरे.

मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, हा भ्रम घालविण्यासाठी १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीचे उदाहरण पुष्कळ पुस्तकांत येते. ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून निवडून आले. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले होते. उदाहरण उत्तम आहे. पण १९३६ साली अमेरिकेत दूरध्वनी कोणाच्या घरी असे हे जळगावच्या किंवा गुवाहाटीच्या विद्यार्थ्याला सांगितल्याशिवाय त्याला त्यातले मर्म कळत नाही. मात्र आपण पाठविलेला दुवा कोणाच्या दूरध्वनीवर उघडला आणि कोणाच्या नाही, असे विचारले की ते मर्म त्याला तत्काळ कळते.

येथून दुसऱ्या प्रकरणाकडे वळावे. ते प्रश्नावलीचे. प्रश्न सोपे, संक्षिप्त आणि निःसंदिग्ध असावेत, असे प्रत्येक पुस्तक सांगते. ते सांगणे व्यर्थ आहे, कारण आपले प्रश्न अवघड आणि संदिग्ध आहेत असे वाटून ते कोणीच लिहीत नाही. पुस्तकात एक वाईट प्रश्न, त्याला लोकांनी दिलेली उत्तरे, आणि मग सुधारलेला प्रश्न, असे दाखविलेले हवे. भारतीय लेखकांना यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची स्थापना १९५० ची. तिच्या इतिहासात असे धडे खच्चून भरलेले आहेत, आणि पाठ्यपुस्तकांनी त्यांचा जितका उपयोग करावा तितका केलेला नाही.

त्यांतील एकच पाहू. कुटुंबाने गेल्या ३० दिवसांत धान्य, भाजी, तेल किती खाल्ले, असे ह्या पाहणीत विचारीत असत. माणसाला महिन्याचे नीट आठवत नाही, आठवड्याचे आठवेल, म्हणून ७ दिवसांचे विचारावे, असा विचार पुढे आला. ५१ ते ५४ ह्या फेऱ्यांत दोन्ही रीती निरनिराळ्या कुटुंबांवर करून पाहिल्या, तेव्हा ७ दिवसांच्या प्रश्नाने अन्नाचा खप लक्षणीय जास्त दिसला. म्हणजे त्याच देशात, त्याच काळात, केवळ प्रश्नाची मुदत बदलल्यामुळे गरिबांची संख्या वेगळी भरणार होती. पुढे १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत दोन्ही मुदती एकाच कुटुंबाला, एकाच कागदावर, शेजारीशेजारी विचारल्या. आता एक उत्तर दुसऱ्याला ओढू लागले. सात दिवसांचा आकडा सांगितलेला माणूस महिन्याचा आकडा त्याच्याशी मिळता सांगणारच. त्या फेरीवरून काढलेले दारिद्र्याचे प्रमाण आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहावे की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. प्रश्नावलीत दोन रकाने शेजारी छापण्याने देशातल्या दारिद्र्याचा हिशोब डळमळतो, हे एकदा वाचलेला विद्यार्थी आपली प्रश्नावली पुन्हा वाचल्याशिवाय राहणार नाही.

जे विद्यार्थी माणसांना प्रश्न विचारीत नाहीत, शेतात किंवा प्रयोगशाळेत मोजमाप करतात, त्यांच्यासाठी असाच एक धडा पीककापणीच्या प्रयोगांत आहे. उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतातला लहानसा तुकडा आखून तेवढेच पीक कापतात आणि वजन करतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये अगदी लहान वर्तुळाकार तुकडे घेतले. त्यात वेळ आणि पैसा वाचे. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्याहून जास्त भरते. कारण अगदी साधे आहे. रेषेवर उभे असलेले रोप आत की बाहेर, हे ठरविताना कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. दोघेही थोर संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. महालनोबीसांची दुसरी एक युक्ती मात्र कोणत्याही वर्गात करून पाहता येते. एकाच विभागाचे दोन स्वतंत्र नमुने दोन निराळ्या तुकड्यांकडून मोजून घ्यावयाचे आणि निष्कर्ष शेजारी ठेवावयाचे. दोन्हींत जे अंतर पडेल ते पाहून आपल्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा हे समजते. चार विद्यार्थ्यांचा गट दोन-दोनांत विभागला की हा प्रयोग फुकटात होतो. पुस्तकात तो आहे का, हे पाहावे. नसेल तर अध्यापकाने तो भर घालावा.

आता प्रचारात असलेल्या पुस्तकांविषयी थोडे. गुड आणि हॅट यांचे १९५२ चे पुस्तक आणि त्याआधीचे, १९३९ चे पॉलीन यंग यांचे पुस्तक, यांवर भारतीय विद्यापीठांतील कितीतरी पिढ्या वाढल्या. त्यांचे गद्य आजही वाचनीय आहे. उदाहरणे मात्र दुसऱ्या देशाची आणि दुसऱ्या काळाची. सी. आर. कोठारी यांचे १९८५ साली प्रथम निघालेले पुस्तक आज बहुधा प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आढळते. त्याची मांडणी स्वच्छ आहे. परीक्षेला ते चालते आणि संख्याशास्त्रीय चाचण्या त्यावरून खरोखरच शिकता येतात. परंतु त्याचा मोठा भाग ह्याच चाचण्यांना दिलेला आहे, आणि प्रश्न कसा सुचावा व कसा आवळावा ह्याला त्यामानाने जागा थोडी. चाचणीचे गणित आज संगणक क्षणात करून देतो. कोणती चाचणी येथे लागू नाही, हे सांगणारा माणूस अजून हवाच असतो. एम. ए. च्या विद्यार्थ्याने ते जवळ ठेवावे; तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिलेच पुस्तक म्हणून ते देऊ नये.

रणजित कुमार यांचे पुस्तक नवशिक्यासाठीच लिहिलेले आहे आणि संशोधनाचा प्रवास ते आठ पायऱ्यांत मांडते. पायऱ्यांचा दोष असा, की संशोधन खऱ्या आयुष्यात पायऱ्या चढत नाही. वर जाऊन पुन्हा खाली येते. तरीही एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा आधार वाटतो, हे मान्य केले पाहिजे. बूथ, कोलंब आणि विल्यम्स यांचे ‘द क्राफ्ट ऑफ रिसर्च’ (१९९५) ह्या सर्वांहून वेगळे. त्यात नमुनानिवड नाही, चाचण्या नाहीत. विषयातून प्रश्न कसा काढावा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कळले नाही तर कोणाचे काय अडेल, हे विचारण्याची सवय ते लावते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांच्या विद्यार्थ्यांना ह्याचाच उपयोग व्हावा. साहित्याच्या विद्यार्थ्याला परिकल्पना आणि काय-वर्ग चाचणी शिकविण्याचा आग्रह काही अभ्यासक्रमांत दिसतो. त्यातून कवितेतल्या प्रतिमांची टक्केवारी काढणारे प्रबंध निर्माण होतात, दुसरे काही नाही. उंबेर्तो एको यांनी १९७७ साली इटलीतील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले प्रबंधलेखनाचे पुस्तक इंग्रजीत २०१५ साली आले. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि ज्याच्या गावचे ग्रंथालय लहान आहे, अशा विद्यार्थ्यासमोर बसून ते बोलते. अलेस्सांद्रिया ह्या लहान शहराच्या ग्रंथालयात बसून किती संदर्भ जमविता येतात, हे एको स्वतः करून दाखवितात. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात बसणाऱ्या मुलाला हे पुस्तक परके वाटणार नाही.

भारतीय अनुभवासाठी मात्र पाठ्यपुस्तक नसलेली दोन पुस्तके जवळ असावीत. आंद्रे बेतेय आणि टी. एन. मदन यांनी संपादिलेले ‘एन्काउंटर अँड एक्स्पीरियन्स’ (१९७५), आणि एम. एन. श्रीनिवास, ए. एम. शहा व ई. ए. रामस्वामी यांनी संपादिलेले ‘द फील्डवर्कर अँड द फील्ड’ (१९७९). अभ्यासकाला गावात घर कसे मिळाले, कोण बोलले आणि कोण बोलले नाही, आपली जात, भाषा वा स्त्री असणे कोठे आडवे आले, हे त्यांत त्या त्या अभ्यासकांनी सांगितले आहे. इरुवेलपट्टूला गेलेल्या तरुणाविषयी आरंभी जो प्रश्न निघाला, त्याची उत्तरे अशा लेखांतच सापडतात. श्रीनिवासांची हकीगत प्रसिद्ध आहे. कर्नाटकातील रामपुरा ह्या गावाविषयीच्या त्यांच्या संस्कारित टिपणांच्या सर्व प्रती २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील आगीत जळाल्या, आणि मग त्यांनी १९७६ चे ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ बव्हंशी स्मरणाने लिहिले. तिन्ही प्रती एकाच इमारतीत होत्या. टिपणे कशी ठेवावीत ह्या विषयाला पाठ्यपुस्तके अर्धे पान देतात. ही एक हकीगत त्या अर्ध्या पानाच्या शेजारी सांगावी.

भाषेचा प्रश्न अजून उरतो, आणि तो नुसत्या यादृच्छिकाने संपत नाही. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला शाळेत गृहीतक हा शब्द भूमितीत भेटलेला असतो. तेथे गृहीतक म्हणजे सिद्धतेवाचून मान्य करावयाचे विधान. संशोधन पद्धतीच्या काही मराठी पुस्तकांत तोच शब्द, जे तपासावयाचे, कदाचित खोटे ठरावयाचे, अशा विधानासाठी वापरलेला असतो. दुसऱ्या पुस्तकांत त्यासाठी परिकल्पना किंवा अभ्युपगम आहे, आणि गृहीतक हा शब्द भूमितीच्या अर्थानेच ठेवला आहे. दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याची जी दशा होते ती सांगावयास नको. ह्याचा परिणाम अहवालात दिसतो: गृहीतक सिद्ध झाले, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी असते. आधीच गृहीत धरलेले सिद्ध होणार नाही तर काय होईल? म्हणून देशी भाषेतील पुस्तक घेताना शेवटची परिभाषासूची आधी वाचावी. एका संज्ञेला पुस्तकभर एकच शब्द आहे का? शब्द प्रथम येतो तेथे उदाहरण दिले आहे का? अनुवादित पुस्तक असेल तर उदाहरणांचाही अनुवाद झाला आहे की शिकागोतील वस्त्या तशाच राहिल्या आहेत? इंग्रजी पुस्तक वाचून न कळण्यापेक्षा मराठी, हिंदी किंवा कन्नड पुस्तक वाचून कळणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु पारिभाषिक शब्दांचा थर चढवून वाक्ये तशीच इंग्रजी ठेवलेले पुस्तक दोन्हीकडून जाते. त्यापेक्षा साधे इंग्रजी पुस्तक आणि जवळ मराठीत बोलणारा अध्यापक, ही जोडी बरी.

अध्यापकाने अंतिम निवड कशी करावी, याची एक स्वस्त युक्ती आहे. दोन किंवा तीन पुस्तके पसंतीस आली, की प्रत्येकातील नमुनानिवडीचे आणि प्रश्नावलीचे प्रकरण वर्गातील निरनिराळ्या गटांना वाचावयास द्यावे. अध्यापकाने काही समजावून सांगू नये. दुसऱ्या दिवशी सर्वांना एकच लहानसे काम द्यावे: वसतिगृहातील विद्यार्थी खानावळीवर महिन्याला किती खर्च करतात ते काढून आणा. मुदत तीन दिवसांची. मग अहवाल वाचावयाचे. कोणत्या गटाने आधी वसतिगृहाच्या नोंदवहीतून यादी मागितली? कोणत्या गटाने खानावळीच्या दारातच उभे राहून विचारले, आणि तसे लिहिले? कोणी लिहिलेच नाही? महिन्याचा खर्च विचारला की आठवड्याचा? जे खानावळीत जेवतच नाहीत, खोलीवर भात लावतात, ते कोणाच्या ध्यानात आले? पुस्तकातील प्रकरण किती पानांचे होते आणि त्याची भाषा किती सुबक होती, याचा ह्या उत्तरांशी संबंध फार थोडा असतो असे दिसून येईल. पुष्कळदा जाड ग्रंथ वाचलेला गट उत्तम व्याख्या लिहून आणतो आणि आकडे मित्रांकडून भरून आणतो.

ज्या पुस्तकाच्या गटाने आपण काय केले ते जसेच्या तसे लिहून आणले, त्या पुस्तकाच्या दहा प्रती ग्रंथालयासाठी मागवाव्या. जाड ग्रंथाची एक प्रत संदर्भासाठी पुरते. हा प्रयोग सत्र सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात उरकावा, कारण ग्रंथालयाची मागणी मंजूर होऊन पुस्तके कपाटात लागेपर्यंत निम्मे सत्र सरलेले असते. पुस्तके येईपर्यंत विद्यार्थ्यांनी रिकामे बसावे असेही नाही. त्यांनी आणलेले खानावळीचे अहवाल तोपर्यंत वर्गात एकमेकांना वाचावयास द्यावे.